हलण्याआधीचं काम

१९१२ च्या एप्रिलमध्ये दादासाहेब फाळके लंडनहून मुंबईला परतले, तेव्हा चित्रपट कसा करायचा हे ते शिकून आले होते. विल्यमसन कॅमेऱ्याची सोयही केली होती. नव्हते ते पैसे. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी हलती चित्रं तंबूत जाऊन पाहिली असतील, पण ती समोर बसलेला हा माणूस इथे, आपल्या हातांनी करू शकेल यावर भरवसा कोण ठेवणार? फाळक्यांनी मग एका कुंडीत वाटाणा लावला. कॅमेरा कुंडीसमोर रोवला आणि ठरावीक अंतरानं एकेक चौकट, म्हणजे फिल्मवरचं एकेक स्थिर चित्र, टिपत राहिले. कोंब वर आला, पानं फुटली, रोप उभं राहिलं. जेमतेम मिनिटाभराची ती फिल्म, ‘अंकुराची वाढ’. ती निवडक लोकांना दाखवल्यावर कर्जाची वाट मोकळी झाली आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

मी मोशन डिझाइनचं काम करते. जाहिरातींमधली हलती अक्षरं, चित्रपटांची नामावली, समजावून सांगणाऱ्या छोट्या फिल्म, असं सगळं. या व्यवसायात येणाऱ्या प्रत्येकाला संकल्पना म्हणजे काय हे सांगायची वेळ आली की मी त्या कुंडीकडे जाते. फाळक्यांनी नाचणारा माणूस टिपला असता, धावणारी घोडागाडी टिपली असती, तरी चित्र हललंच असतं. पण माणूस नाचतो आणि घोडा धावतो हे बघणाऱ्याला आधीच दिसत असतं. रोप वाढताना मात्र कुणालाही दिसत नाही. त्यासाठी हे यंत्रच लागतं. म्हणजे जे फक्त या माध्यमालाच दाखवता येईल नेमकं तेच त्यांनी निवडलं. दुसरी गोष्ट हिशोबाची. त्या काळच्या वेगानं, सेकंदाला साधारण १६ चौकटी धरल्या, तर एक मिनिट म्हणजे ९६० चौकटी. रोपाला ‘थांब, पुन्हा एकदा उगव’ असं सांगता येत नाही. किती अंतरानं टिपायचं, उजेड कुठून घ्यायचा, रोप वर गेल्यावर ते चौकटीत मावेल का, हे सगळं पहिला कोंब दिसायच्या आधी ठरलेलं असणार. नियोजन आणि कल्पना ही दोन वेगळी खाती आहेत असं समजणाऱ्यांनी या फिल्मचा थोडा वेळ काढून विचार करावा. इथे कल्पनाच इतकी नेमकी आहे की तिच्यातूनच वेळापत्रक निघतं.

आमच्याकडे कामं येतात ती बहुतेक वेळा उलट्या बाजूनं येतात. ‘लोगो आहे, तो जरा हलता करून द्या.’ ‘मजकूर तयार आहे, त्याला डायनॅमिक करा.’ यात मागणाऱ्याचा दोष नाही. पोस्टर, पुस्तिका, पाटी यांची सवय झालेल्या माणसाला हालचाल म्हणजे शेवटी चढवायचा साज वाटणं साहजिक आहे. पण पोस्टर आणि फिल्म यांत मूळ फरक हा की फिल्ममध्ये काहीतरी आधी एक असतं आणि नंतर दुसरं होतं. तो बदल काय आहे, तो किती वेळात होतो, सरळ होतो की अडखळत होतो, हेच तर सांगायचं असतं. अक्षरं डावीकडून आली की उजवीकडून, हा त्यानंतरचा प्रश्न. म्हणून नव्या कामाच्या पहिल्या बैठकीत मी रंग, फाँट, संगीत यांतलं काही विचारत नाही. सुरुवातीला काय होतं आणि शेवटी काय झालेलं असेल, एवढंच विचारते. पुष्कळदा खोलीत शांतता पसरते. ती शांतता फार उपयोगाची असते, कारण आपण काय सांगायला निघालोय याचा विचार तिथे पहिल्यांदा सुरू होतो.

ज्यांचं बालपण दूरदर्शनपुढे गेलं त्यांना याचं एक उत्तम उदाहरण न सांगता ठाऊक आहे. दूरदर्शनचं ते बोधचिन्ह अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, शिकणाऱ्या देवाशिष भट्टाचार्य यांनी १९७४ च्या सुमारास काढलं. मध्ये एक गोल आणि त्याला दोन बाजूंनी कवेत घेणारे दोन वक्र आकार. कागदावर ते एक डोळा आहे, बस. पण पडद्यावर ते डोळा म्हणून येत नाही. संस्थेतल्याच आर. एल. मिस्त्री यांनी त्या आकारांच्या प्रती करून त्या कॅमेऱ्याखाली फिरवत फिरवत चित्रित केल्या. आकार एकमेकांभोवती वळत वळत येतात आणि अगदी शेवटी डोळा जुळतो. पंडित रविशंकर यांनी अली अहमद हुसेन खाँ यांच्यासह केलेली ती धून संथ आहे, जवळजवळ विरक्त. कुठेही घाई नाही. १९७६ पासून कोट्यवधी घरांत ते चित्र दिवसाची सुरुवात म्हणून येत राहिलं, आणि आजही कुणी ती धून गुणगुणली की डोळ्यांपुढे आधी फिरणं येतं, आकार मागाहून येतो. तुकडे जुळून नजर तयार होणं हीच त्याची संकल्पना आहे, आणि ती चिन्हात जेवढी आहे तेवढीच त्या फिरण्यात आहे. तोच डोळा अर्ध्या सेकंदात टुणकन उडी मारून आला असता तर रेषा त्याच राहिल्या असत्या आणि अर्थ पार बदलला असता.

हे मला स्वतःच्या हातानं करताना सर्वांत स्पष्ट कळलं ते एका ओआरएसच्या फिल्ममध्ये. त्या कामाबद्दल जरा सविस्तर लिहायचं आहे.

आरोग्यावर काम करणाऱ्या एका संस्थेला ४५ सेकंदांची फिल्म हवी होती. जुलाब झालेल्या लहान मुलाला ओआरएस कसं द्यायचं, एवढाच विषय. फिल्म दिसणार होती प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या बाहेरच्या पडद्यांवर आणि आशाताईंच्या मोबाइलवर. म्हणजे बहुतेक ठिकाणी आवाज बंद किंवा गोंगाटात बुडालेला. ही माहिती ब्रीफमध्ये, म्हणजे संस्थेनं दिलेल्या कामाच्या टिपणात, एका ओळीत होती, पण माझ्या दृष्टीनं ती सर्वांत महत्त्वाची होती. आवाज नसेल तर समजावण्याचं निम्मं काम हालचालीवर येतं.

सुरुवातीला आम्ही वाचलं. ओआरएसची गोष्ट मला शाळेत कुणी सांगितली नव्हती आणि ती सांगायला हवी होती असं आता मनापासून वाटतं. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्यानं थैमान घातलं होतं. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा यांचं मोजून केलेलं मिश्रण पाण्यात घालून रुग्णांना तोंडावाटे द्यायला लावलं. ते पाजण्याचं काम नातेवाईकच करत. त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्याही खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. हे सगळं ४५ सेकंदांत येणार नव्हतं आणि आणायचंही नव्हतं. पण त्यातली एक गोष्ट मनात घर करून राहिली: पाजणारे हात घरच्या माणसांचे होते, डॉक्टरांचे नव्हते.

मग डहाणू तालुक्यातल्या एका अंगणवाडीत गेलो. तिथल्या सेविकाताईंना मी विचारलं, आया नेमकं कुठे चुकतात? त्या म्हणाल्या, “पुडा सगळ्यांना माहीत आहे ताई. पाणी पण नीट एक लिटर घेतात. पण मूल सुकलेलं बघून आईचा जीव वरखाली होतो, मग ती वाटी तोंडाला लावते. गटागटा पाजलं की बाळ उलटून टाकतं. मग म्हणते, औषध सोसत नाही, आणि बंदच करते. चमच्यानं द्यायचं, दमादमानं. उलटी झाली तर जरा थांबायचं, पुन्हा चालू करायचं.”

मी त्या गावाहून निघाले तेव्हा फिल्म काय आहे ते मला माहीत होतं. ती पुड्याची फिल्म नव्हती. ती चमच्याच्या वेगाची फिल्म होती.

त्याआधी आमच्या भिंतीवर काय काय चिकटवलेलं होतं! हसणारा, बोलणारा ओआरएसचा पुडा. जंतूंशी लढणारा छोटा वीर. पाण्याच्या थेंबांची शाळा. यांतलं एकही वाईट नव्हतं. चांगला चित्रकार मिळाला असता तर त्यांतलं कुठलंही गोड दिसलं असतं. पण पुडा हसला काय आणि रडला काय, आईनं चमचा उचलायचा की वाटी, याबद्दल तो काहीच सांगत नव्हता. कल्पना गाळायची माझी चाळणी इतकीच आहे. हालचाल काढून घेतली तरी जी कल्पना तशीच्या तशी शिल्लक राहते, ती या माध्यमासाठी नाही. तिचं पोस्टर करावं. पोस्टर ही काही कमी प्रतीची गोष्ट नव्हे.

उरली ती एक रेषा. पडद्यावर मुलाची साधी बाह्याकृती आणि तिच्या आत पाण्याची पातळी दाखवणारी एक आडवी रेषा. जुलाब सुरू होतात तशी रेषा खाली उतरते. चमच्यागणिक ती वर चढते. बस. एवढं कागदावर आलं आणि मग खरा कस लागला तो सेकंदांचा.

४५ सेकंद म्हणजे सेकंदाला २५ चौकटींच्या हिशोबानं ११२५ चौकटी. मी त्या वहीत आडव्या पट्टीवर वाटून घेतल्या. पहिली ६ सेकंदं भरलेली पातळी, मूल खेळतंय. पुढची ८ सेकंदं उतार. मग ६ सेकंदं पुडा आणि पाणी: अख्खा पुडा, एक लिटर स्वच्छ पाणी, आणि हे पाणी २४ तासांच्या आत संपवायचं, उरलं तर टाकायचं. शेवटची ७ सेकंदं अक्षरांसाठी. मधली तब्बल १८ सेकंदं फक्त चमचे. एक चमचा येतो, कलतो, रेषा नखभर वर जाते, थांबते. दुसरा चमचा. तिसऱ्यानंतर उलटी होते, रेषा थोडी घसरते. आईचा हात खाली जातो, ती मुलाचं तोंड पुसते, ‘१० मिनिटं थांबा’ एवढीच अक्षरं येतात. आणि मग पुन्हा चमचा, आता आणखी सावकाश.

संस्थेच्या संपर्क विभागातल्या मंडळींना १८ सेकंदं फार वाटली. ‘मॅडम, मोबाइलवर कोण एवढं थांबतं? ७-८ सेकंदांत रेषा भरून टाकू, मोकळं होऊ.’ त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं मुळीच नव्हतं. माणसं खरंच पुढे सरकतात, आणि लोगो, हेल्पलाइनचा क्रमांक, योजनेचं नाव या सगळ्यांना जागा हवी असते. यावर तोंडी वाद घालण्यात अर्थ नसतो. आम्ही दोन ॲनिमॅटिक, म्हणजे कच्ची चित्रं खऱ्या वेळेप्रमाणे लावून केलेल्या चाचणी-फिल्म, केले, एक ८ सेकंदांच्या चमच्यांचा आणि एक १८ च्या. चित्रं पेन्सिलीची, आवाज माझाच फोनवर घेतलेला. दोन्ही त्या सेविकाताईंना पाठवले. पहिला बघून त्यांचा निरोप आला, “हे बघून आई वाटीच लावेल.” दुसरा बघून म्हणाल्या, “हां, हे असं.” बैठक तिथे संपली.

पहिल्या ॲनिमॅटिकमध्ये एकही शब्द चुकीचा नव्हता. चमचेच दाखवले होते, मजकूर वैद्यकीयदृष्ट्या तपासलेला होता. तरी तो चुकीचा सल्ला देत होता, कारण रेषा भराभर चढत होती आणि बघणाऱ्याचं मन शब्दांआधी वेगावर विश्वास ठेवतं. म्हणून मी म्हणते की वेग हाही मजकूर असतो. त्याची तपासणी मजकुराइतकीच लवकर आणि मजकुराइतक्याच काटेकोरपणे व्हायला हवी. संहिता डॉक्टरांकडून तपासून घेतो तसा ॲनिमॅटिकही त्यांच्याकडून तपासून घ्यावा, असा माझा आग्रह तेव्हापासून आहे.

इथे कामाच्या क्रमाबद्दल माझं एक ठाम मत आहे आणि त्यावरून माझे वाद होत असतात. रिवाज असा आहे की संकल्पना मंजूर झाली की मूडबोर्ड (रंगरूपाच्या नमुन्यांचा फलक) आणि मग स्टाइल फ्रेम, म्हणजे अंतिम फिल्म कशी दिसेल याच्या दोन-तीन झकास चौकटी, क्लायंटला दाखवायच्या. स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगांचा कागदावरचा चित्रक्रम, आणि ॲनिमॅटिक नंतर. मला हे उलट हवं असतं. स्टाइल फ्रेम फार मोहक असते. ती एकदा पाहिली की बघणारा तिच्या प्रेमात पडतो, आणि त्यानंतर गोष्टीत काही खोट आहे हे दिसेनासं होतं. मग त्या सुंदर चौकटीला जागा मिळावी म्हणून सगळी फिल्म वाकवली जाते. त्याउलट पेन्सिलीच्या काड्यांची माणसं असलेल्या ॲनिमॅटिकमध्ये लपायला कुठेच जागा नसते. कंटाळवाणं असेल तर तिथेच कंटाळा येतो. कळत नसेल तर तिथेच कळत नाही. म्हणून माझे स्टोरीबोर्ड मी मुद्दाम ओबडधोबड ठेवते. छान रंगवलेला स्टोरीबोर्ड फाडायला हात धजत नाही. आणि या टप्प्यावर फाडता येणं ही सर्वांत मोठी चैन आहे.

ॲनिमॅटिकला आवाज हवाच, मग तो कितीही कच्चा असो. मराठी निवेदनाला मी मिनिटाला ११० ते १२० शब्द धरते. त्याहून दाटीवाटीनं बसवलं तर निवेदिका धापा टाकते आणि ऐकणाऱ्यालाही दम लागतो. इंग्रजीत लिहिलेली संहिता मराठीत आणली की लांबते, हे दर वेळी ठाऊक असूनही वेळापत्रकात कुणी धरत नाही. शब्द मोठ्यानं वाचून, घड्याळ लावून बघण्याला पर्याय नाही. डोळ्यांनी वाचलेलं वाक्य नेहमी दीड पट लवकर संपतं.

आता अक्षरांबद्दल. देवनागरीत काम करणाऱ्या मोशन डिझायनरला जे प्रश्न पडतात ते रोमन लिपीवाल्याला स्वप्नातही पडत नाहीत, आणि आपण बहुतेक सगळं शिकतो ते मात्र त्यांच्या पद्धतीनं.

इंग्रजी अक्षरं एकेक करून पडद्यावर आणण्याचा प्रकार सगळ्यांनी पाहिलाय. तोच तयार परिणाम मराठी शब्दाला लावला की काय होतं ते बघावं. सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीचं टेक्स्ट इंजिन, म्हणजे अक्षरं जुळवणारा भाग, निवडलेलं नसेल तर जोडाक्षरांचे तुकडेच होतात. ते निवडून जोडाक्षरं नीट दिसायला लागली तरी शब्द अक्षराअक्षरानं सुटा केला की शिरोरेषा ठिकठिकाणी तडकते. ‘किती’ हा एवढासा शब्द घ्या. बोलताना ‘क’ आधी आणि ‘इ’ नंतर, पण डोळ्याला पहिली वेलांटी ‘क’च्या आधी दिसते. डावीकडून उजवीकडे उलगडत नेलं तर क्षणभर पडद्यावर नुसती वेलांटी लोंबकळत उभी राहते, आणि ती कुणाची आहे हे वाचणाऱ्याला कळत नाही. अर्ध्या सेकंदाचा गोंधळ. पण वाचायला दोनच सेकंदं मिळणार असतील तर अर्धा सेकंद हा चौथा हिस्सा झाला. आणि नुकतंच वाचायला शिकलेल्या माणसासाठी तो त्याहून खूप मोठा.

हातानं लिहिताना आपण काय करतो? अक्षरांची अंगं आधी लिहितो आणि शिरोरेषा शेवटी, शब्दभर एका झटक्यात ओढतो. शब्द पुरा झाल्याची ती खूण असते. लिपीच्या अंगातच एक क्रम आहे, एक लय आहे. र. कृ. जोशी कवी होते, सुलेखनकार होते, जाहिरातीत वावरले, आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात त्यांनी शिकवलं, आणि विंडोजमधला आपल्या सर्वांच्या ओळखीचा ‘मंगल’ फाँटही त्यांचाच. त्यांच्या कामाकडे पाहताना अक्षर ही आकृती नसून कृती आहे असं मला सतत जाणवतं. आपल्याकडच्या मोशन डिझाइननं तिथून सुरुवात करायला हवी, परदेशी टेम्प्लेटमधून नव्हे.

ओआरएसच्या फिल्ममध्ये पाण्याची रेषा शेवटी शिरोरेषा व्हावी हे स्टोरीबोर्ड काढतानाच सुचलं. मूल पुन्हा टवटवीत होतं, त्याच्या आतली रेषा दोन्ही बाजूंना पसरत पडद्याच्या कडांपर्यंत जाते आणि तिला खालून अक्षरं लटकायला लागतात. मनात ठरलेलं वाक्य होतं, ‘थोडं थोडं देत राहा.’ साधं, बोलीतलं, लक्षात राहणारं. ते कागदावर, ओढलेल्या रेषेखाली लिहायला घेतलं आणि हात थबकला. ‘थ’च्या डोक्यावर शिरोरेषा सलग नसते. ती तिथे तुटते, म्हणून तर तो ‘थ’ असतो. पाण्याची सलग रेषा त्याच्यावरून गेली की तो ‘य’सारखा वाचला जातो. ‘योडं योडं’. ‘ध’चा ‘घ’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो. त्या अक्षरांना गाठ असते हे खरं, जवळून फरक कळेलही. पण दवाखान्याच्या व्हरांड्यात, उन्हाची चकाकी असलेल्या पडद्यावर, लांबून?

दोन वाटा होत्या. ‘थ’पाशी रेषा तोडायची, किंवा वाक्य बदलायचं. रेषा तोडली असती तर पाणी तुटलं असतं. सगळ्या फिल्मभर जी रेषा पाणी म्हणून ओळखीची झाली तिच्यात ऐन शेवटी भगदाड पडलं असतं. म्हणून वाक्य बदललं: ‘चमचा चमचा पाणी देत राहा.’ च, म, प, ण, द, त, र, ह. एकाही अक्षराची शिरोरेषा मध्ये तुटत नाही. आणि वाक्य आधीच्यापेक्षा चांगलं झालं, कारण ‘थोडं’ म्हणजे किती हे ज्यानं त्यानं ठरवायचं असतं, चमचा मात्र सगळ्यांचा सारखा. लिपीच्या अडचणीमुळे मजकूर अधिक नेमका झाला, याचा आनंद मला अजून वाटतो. अशा वेळी वाटतं की संहिता लिहिणारा, चित्र काढणारा आणि ॲनिमेशन करणारा या तिघांना पहिल्या दिवसापासून एका टेबलाशी बसवलं पाहिजे. संहिता कुलूपबंद करून मग चित्रकाराकडे पाठवण्याच्या पद्धतीत हे वाक्य कधीच बदललं नसतं.

पैसे आणि वेळ यांबद्दल फार लिहीत नाही. ते प्रत्येकाच्या बाजारपेठेप्रमाणे वेगळं असतं. एकच सांगते. अंदाजपत्रकात ‘संकल्पना आणि ॲनिमॅटिक’ ही वेगळी ओळ असू द्या आणि तिचे पैसे वेगळे घ्या. ती ओळ नसली की ते काम फुकटचं समजलं जातं आणि सगळ्यांत आधी त्यावरच कात्री चालते.

हल्ली एक वाक्य लिहून दिलं की हलतं चित्र करून देणारी साधनं आली आहेत. मी ती वापरून पाहते. दिसणं चटकन मिळतं. पण रेषेला वर चढायला ८ सेकंदं द्यायची की १८, हे त्यांना आपणच सांगावं लागतं. आणि ते सांगता यायला डहाणूच्या अंगणवाडीत जाऊन यावं लागतं. जे तरुण या कामात नव्यानं येताहेत त्यांनी साधनं जरूर शिकावीत. सोबत एक वही आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ बाळगावं. बसमध्ये, रांगेत, स्वयंपाकघरात माणसांच्या हालचाली मोजाव्यात. चमचा ताटापासून तोंडापर्यंत जायला किती वेळ लागतो, तान्ह्या बाळाला भरवताना तोच वेळ किती होतो, म्हातारी आजी खुर्चीतून उठताना कुठे थांबते. ग्राफ एडिटरमध्ये, म्हणजे हालचालीचा वेग ठरवणाऱ्या आलेखात, वक्ररेषा ओढताना या मोजलेल्या गोष्टीच हाताशी येतात.

त्या फिल्मची आता गुजराती आवृत्ती करायची आहे. डहाणू-तलासरीचा पट्टा सीमेलगतचा, पलीकडच्या गावांनाही ती हवी आहे. गुजराती अक्षरांना शिरोरेषाच नाही. लटकायला काही नाही म्हटल्यावर फिल्मचा शेवट जसाच्या तसा उचलून ठेवता येत नाही, आणि नुसतं भाषांतर करून अक्षरं रेषेखाली चिकटवली तर ती तिथे का आहेत याचं उत्तर उरत नाही. म्हणून शेवटच्या ७ सेकंदांसाठी मी पुन्हा कागदावर आले आहे. सध्याच्या आराखड्यात अक्षरं पोकळ आहेत आणि पाणी त्यांच्या आतून, मुलाच्या आकृतीत चढलं तसंच, तळापासून वर चढतं. रेषा तुटण्याची भीती नसल्यामुळे तिथे ‘थोडुं थोडुं’ही बसलं असतं, पण सेविकाताईंशी बोलून आम्ही चमचाच ठेवला. चमच्यांची १८ सेकंदं हलवलेली नाहीत. गुजराती निवेदिका वलसाडकडची आहे, तिचा बोलण्याचा वेग अजून मोजायचा आहे. तो झाला की नवा ॲनिमॅटिक, आणि तो आधी तिकडच्या आंगणवाडीतल्या बहेनना दाखवायचा.